गाणे वाळवंटाचे, हक्क कोणाचा?

देबेन भट्टाचार्य हे बनारसमध्ये वाढलेले आणि पुढे युरोपात स्थायिक झालेले संगीतसंग्राहक १९५५ साली पॅरिसहून कोलकात्याला निघाले, ते मोटारीने. दूध वाहून नेणारी एक जुनी गाडी त्यांनी प्रवासासाठी सजवली होती आणि सोबत ध्वनिमुद्रणाचे जड यंत्र घेतले होते. ग्रीस, तुर्कस्तान, सीरिया, जॉर्डन, इराक, इराण, अफगाणिस्तान असा वाळवंटी रस्ता तुडवत, मुक्कामामुक्कामावर स्थानिक गायक-वादकांना मुद्रित करत ते भारतात पोहोचले. या प्रवासातील ध्वनिमुद्रणे आणि त्यांची रोजनिशी यांचा संच २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा भट्टाचार्यांच्या निधनाला १७ वर्षे होऊन गेली होती.

ज्या कामासाठी तेव्हा एक मोटार, मणभर यंत्रसामग्री आणि परदेशी नभोवाणीचा आश्रय लागत असे, ते काम आज खिशात मावते. पाच-सहा हजार रुपयांपासून मिळणारे हातातले ध्वनिमुद्रक, मोबाइलला जोडता येणारे इवलेसे मायक्रोफोन आणि कोणाचीही परवानगी न घेता जगभर प्रसारण करण्याची सोय, या तिन्हींमुळे 'प्रवास आणि संगीत' या विषयावरील पॉडकास्टची एक स्वतंत्र शाखाच तयार झाली आहे. त्यातही वाळवंटातील भ्रमंतीला विशेष मागणी दिसते. दिवाळी सरली की मुंबई-पुण्याहून अहमदाबादमार्गे जोधपूर, पोकरण, जैसलमेर, बाडमेर अशी फेरी करणाऱ्या गाड्यांत आता क्यामेऱ्याच्या जोडीने मायक्रोफोनही असतो. वाटेत ढाब्यावरच्या गप्पा, सम किंवा खुडीच्या वाळूवरची रात्र, आणि मग ठरलेला प्रसंग: कमायच्याचा सूर, खडतालीचा ठेका आणि मांगणियार गायकाचा उंच लागलेला आवाज. भागाचा हा कळसच असतो.

या कळसाची किंमत कोण देतो आणि ती कोणाच्या हाती पडते, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. ती होणे आता आवश्यक झाले आहे. पॉडकास्ट हा हौशी मंडळींचा खेळ राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी उद्योजक निखिल कामत यांच्या पॉडकास्टला मुलाखत दिली, त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत केंद्र सरकारने दृक्‌श्राव्य व मनोरंजन उद्योगाची 'वेव्हज' ही जागतिक परिषद भरवली. माध्यम म्हणून त्याला राजमान्यता मिळाली, जाहिरातदार आले, मोठ्या कंपन्यांनी छोट्या निर्मितीसंस्था विकत घेतल्या. पैसा आला की हिशेब आलाच.

फिल्मी गाण्याला कुंपण, लोकगीताला मोकळे रान

संगीताविषयीच्या पॉडकास्टपुढील सर्वांत मोठी अडचण विचित्र आहे. ज्या गाण्याबद्दल बोलायचे, तेच ऐकवता येत नाही. रेडिओवर गाणे लावणे आणि पॉडकास्टमध्ये गाणे घालणे या दोन गोष्टी श्रोत्याच्या कानाला सारख्याच असल्या तरी कायद्याच्या लेखी वेगळ्या आहेत. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने 'कलम ३१ ड' आले. त्यानुसार प्रसारण संस्थेला सूचना देऊन आणि ठरलेला दर भरून गाणी वाजवता येतात, कंपनीच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. एफएम वाहिन्यांचा गाडा यावरच चालतो. ही सवलत इंटरनेटवरील संगीतसेवांना मिळावी, असा दावा झाला, तेव्हा 'टिप्स' विरुद्ध 'विंक' या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तो फेटाळला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही तोच निर्णय कायम केला. मोठ्या संगीतसेवांची ही गत, तिथे एकट्यादुकट्या पॉडकास्टकर्त्याला कोण विचारतो?

शिवाय एका गाण्यात एकच हक्क नसतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीकडे, शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकार वा त्यांच्या प्रकाशकाकडे. पहिल्यासाठी एका संस्थेचे दार ठोठावायचे, दुसऱ्यासाठी दुसऱ्या. पॉडकास्ट श्रोत्याच्या यंत्रावर उतरवून घेतला जातो, म्हणजे प्रत तयार होते, त्यामुळे नुसत्या वाजवण्याच्या परवान्यावर भागत नाही. 'तीस सेकंदांपर्यंत चालते' ही समजूत तर सर्वत्र पसरलेली आहे. आपल्या कायद्यात अशी कोणतीही सेकंदांची मर्यादा नाही. टीका, समीक्षा किंवा चालू घडामोडींचे वृत्त देण्यासाठी न्याय्य वापराची मुभा आहे, पण तो वापर न्याय्य होता की नाही, हे शेवटी न्यायालय ठरवणार. बीबीसीसारख्या बलाढ्य संस्थेलाही यातून सुटका नाही. १९४२ पासून चालू असलेला तिचा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा कार्यक्रम पाहुण्याच्या आवडत्या गाण्यांवरच उभा आहे, पण पॉडकास्टच्या रूपात त्यातील गाणी कापून तोकडी करावी लागली. (नावात 'डेझर्ट' असले तरी तिथे वाळवंट नाही, ओसाड बेट आहे.)

या कुंपणाचा परिणाम सरळ आहे. चित्रपटगीत महाग आणि धोक्याचे, म्हणून पॉडकास्टकर्ता वळतो लोकसंगीताकडे. ते 'पारंपरिक', म्हणजे त्याचा कोणी मालक नाही, म्हणजे ते फुकट, अशी ही साखळी आहे. गावात जायचे, दोन-तीन गायकांना बसवायचे, मुद्रित करायचे, निघताना काहीतरी हातावर ठेवायचे. पुढे तेच मुद्रण भागाच्या सुरुवातीची धून होते, जाहिरातीखाली वाजते, कधी दुसऱ्यालाही विकले जाते. त्यावर नाव असते पॉडकास्टचे.

कायदा इथे काय म्हणतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ध्वनिमुद्रणाचा 'कर्ता' म्हणून कायदा निर्मात्याला ओळखतो, म्हणजे ज्याने मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याला. गाडीतून उतरून मायक्रोफोन धरणारा पर्यटक त्या क्षणी निर्माता होतो आणि प्रकाशनापासून ६० वर्षे त्या मुद्रणावर त्याचा हक्क चालतो. गाणारा मात्र हक्कहीन नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा स्वतंत्र हक्क मान्य झाला, आज त्याची मुदत ५० वर्षे आहे. त्याच्या संमतीवाचून मुद्रण करून ते प्रसारित करता येत नाही. २०१२ नंतर तर कलावंत म्हणून नाव लागण्याचा आणि आपले गायन विकृत केले जाऊ नये यासाठी हरकत घेण्याचा नैतिक हक्कही त्याला आहे. खासगी उपयोग, अध्यापन आणि संशोधन यांना सूट आहे, पण जाहिराती घेणारा पॉडकास्ट म्हणजे संशोधन, असे म्हणणे धारिष्ट्याचे ठरेल.

'कलावंत' या शब्दाची कायद्यातील व्याख्या वाचण्यासारखी आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्या रांगेत तिथे कसरतपटू, जादूगार आणि चक्क गारुडीही आहे. राजस्थानातील कालबेलिया ही गारुड्यांचीच जमात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ने त्यांचा साप काढून घेतला, पुढे त्यांच्या नृत्य-गीतांना युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. एका कायद्याने धंदा बंद आणि दुसऱ्याने कलावंत म्हणून मान्यता, असा हा प्रकार. मान्यतेपासून मोबदल्यापर्यंतचा रस्ता मात्र कोणी बांधलेला नाही.

जजमान आणि श्रोता

मांगणियार आणि लंगा हे पश्चिम राजस्थानातील दोन वंशपरंपरागत गायक समाज. दोघेही मुसलमान. लंगांचे आश्रयदाते प्रामुख्याने सिंधी सिपाही मुसलमान, तर मांगणियारांचे बहुतांशी राजपूत व अन्य हिंदू. जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी जजमानाच्या दारी जाऊन गायचे, त्याच्या घराण्याची वंशावळ तोंडपाठ ठेवायची, त्याच्या पूर्वजांची स्तुती करायची आणि बदल्यात धान्य, जनावर, पैसा घ्यायचा, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था. महाराष्ट्रातील गोंधळी, वासुदेव वा वाघ्या-मुरळी यांच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला तिची कल्पना सहज यावी. अशा व्यवस्थेत गाणे कोणाचे, हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला असतो. गाणे सगळ्यांचे, पण जजमान ज्याचा त्याचा. कोणाच्या दारी कोण गाणार, हे ठरलेले असते आणि त्यात घुसखोरी चालत नाही.

हे संगीत गावाबाहेर आणले ते कोमल कोठारी यांनी. विजयदान देथा यांच्या साथीने त्यांनी १९६० मध्ये बोरुंदा या गावी 'रूपायन संस्थान' स्थापन केले आणि पुढील चार दशके गावोगाव फिरून हजारो गाणी, कथा, वंशावळी मुद्रित केल्या. लंगा-मांगणियारांना परदेशातील रंगमंचावर नेण्याचे श्रेयही त्यांचेच. २००४ मध्ये, पद्मभूषण जाहीर झाल्याच्याच वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर मागणी आणखी वाढली. रॉयस्टन एबल यांचा 'मांगणियार सिडक्शन' हा प्रयोग २००६ पासून जगभर फिरला. २००७ पासून जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात शरद पौर्णिमेच्या सुमारास लोकसंगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. २०१५ मध्ये याच किल्ल्यात शाय बेन त्सूर आणि 'रेडिओहेड'चे जॉनी ग्रीनवूड यांनी स्थानिक वादकांसह 'जुनून' हा अल्बम मुद्रित केला. कमायचावादक साकर खां (२०१२), गायक अन्वर खां (२०२०), सिंधी सारंगीवादक लाखा खां (२०२१) हे पद्मश्रीचे मानकरी ठरले, मामे खां २०२२ मध्ये कान महोत्सवाच्या लाल गालिच्यावर दिसले.

या यादीवरून सारे आलबेल असल्याचा समज होऊ शकतो. सप्टेंबर २०१७ मध्ये जैसलमेर जिल्ह्यातील दांतल या गावी घडलेली घटना त्याला छेद देते. देवीच्या जागराच्या वेळी गाणे मनाजोगे झाले नाही, या कारणावरून एका मांगणियार गायकाची हत्या झाल्याचा आरोप झाला आणि भयभीत झालेल्या त्याच्या समाजातील कुटुंबांनी गाव सोडून जैसलमेर गाठले. ज्या जजमानी नात्याचे पर्यटक कौतुक करतात, त्याच नात्यात उच्चनीचतेची आणि धाकाची ही दुसरी बाजूही आहे. वाळवंटातील प्रवासावरचे भाग लागोपाठ ऐकले तर 'हिंदूंच्या दारी गाणारे मुसलमान' या सलोख्याचे वर्णन हमखास आढळते, दांतलचा उल्लेख क्वचितच.

आता या जुन्या जजमानाच्या जागी नवे जजमान आले आहेत. वाळूवरचे तंबू चालवणारे, महोत्सवांचे आयोजक, चित्रपटवाले आणि सर्वांत शेवटी पॉडकास्टवाले. फरक असा की जुना जजमान चुकला तर गायकाला पुढच्या लग्नात त्याच्या दारी जाऊन हक्काने मागता येत असे. नवा जजमान निघून जातो. 'निंबूडा' हे मांगणियारांच्या परंपरेतले गाणे १९९९ साली 'हम दिल दे चुके सनम'मधून देशभर गाजले. त्या परंपरेतील घराण्यांना अशा लोकप्रियतेतून स्वामित्वशुल्क मिळण्याची कोणतीही कायदेशीर वाट नव्हती, आजही नाही. पारंपरिक चालीवर कोणाचाच कॉपीराइट नाही, पण तिच्या नव्या मांडणीवर आणि मुद्रणावर मात्र आहे. विहीर गावाची आणि पाण्याच्या बाटलीवर शिक्का कंपनीचा.

वारा, शांतता आणि संपादन

हक्काच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आणखी एक प्रश्न आहे तो ऐकण्याचा. वाळवंटात मुद्रण करणे दिसते तितके सोपे नाही. उघड्यावर वारा अखंड वाहतो आणि मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळून घरघर उमटवतो. त्यासाठी केसाळ वेष्टन लागते, नुसता स्पंजाचा बोळा पुरत नाही. तंबूंच्या वस्तीत जनित्र चालू असते. चालत्या गाडीत इंजिनाची आणि टायरांची खालच्या पट्टीतील घुमघुम बोलण्याला व्यापून टाकते. जैसलमेरच्या परिसरात आता पवनचक्क्यांच्या पात्यांचा आवाजही त्यात मिसळला आहे. रेतीचा कण खटक्यात शिरला की यंत्र बंद.

त्यात या संगीताचे स्वतःचे गुणधर्म आहेत. खडताल म्हणजे शिसमाच्या लाकडाच्या चार पट्ट्या, तिचा आघात इतका तीक्ष्ण की मुद्रणाची पातळी जराशी चढी ठेवली तर आवाज फाटतो. कमायचा त्याच्या उलट. आंब्याच्या लाकडातून कोरलेली वाटोळी तबकडी, तिच्यावर बकऱ्याचे कातडे, गजाने छेडायच्या तातेच्या तारा आणि त्यांच्यासोबत आपोआप झंकारणाऱ्या कितीतरी पोलादी तारा. या झंकारातच त्या वाद्याचा प्राण आहे आणि तो फार हळू असतो. पॉडकास्ट हलका व्हावा, मोबाइलचे डेटा-पॅक कमी खर्ची पडावे, म्हणून ध्वनीची फाइल दाबून लहान केली जाते, तेव्हा आधी हा झंकारच जातो. भाषणासाठी ते चालते. कमायच्यासाठी चालत नाही.

शांततेचेही तसेच आहे. संपादनाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये बोलण्यातील विराम आपोआप कापण्याची सोय असते. श्रोत्याला कंटाळा येऊ नये, हा हेतू. वाळवंटातल्या माणसाचे बोलणे विरामांनी भरलेले असते, गाण्याआधीचा आलापही सावकाश उलगडतो. तो सगळा कापून शेवटी उरते ते शहरी निवेदकाच्या गतीने बोलणारे वाळवंट. आणि निवेदकाला तर गप्प बसवतच नाही. डाल-बाटीच्या वर्णनाखाली पार्श्वसंगीत म्हणून सिंधी कलाम वाजत राहते, त्यात काय म्हटले आहे याचा पत्ता ना सांगणाऱ्याला, ना ऐकणाऱ्याला. एखादा गायक शाह अब्दुल लतीफ भिटाई यांचे काव्य गात असेल आणि वर हॉटेलच्या खोलीचे भाडे सांगितले जात असेल, तर त्याला संगीतविषयक पॉडकास्ट म्हणणे कठीण आहे.

चांगली उदाहरणे नाहीत, असे नव्हे. गायकाला आधी गाणे समजावून सांगायला लावायचे, मग पूर्ण गाणे मध्ये न बोलता ऐकवायचे, एवढा साधा नियम पाळणारे भाग ऐकताना फरक लगेच कळतो. मात्र त्यासाठी दोन तासांचा थांबा पुरत नाही. एका रात्रीत चारशे किलोमीटर कापणाऱ्या मोटार-सफरीचा आणि गाणे ऐकण्याचा मुळातच मेळ बसत नाही.

रेषेपलीकडचा सूर

थरचे वाळवंट एक, देश दोन. मुनाबाव आणि खोखरापार यांना जोडणारी थर एक्स्प्रेस फेब्रुवारी २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली. त्या गाडीने दोन्हीकडचे नातलग भेटत, त्यांत गायक घराणीही होती. गाडी थांबली तरी गाणी मोबाइलवरून ये-जा करत होती. मेहदी हसन यांचा जन्म झुनझुनू जिल्ह्यातील लुणा गावचा, रेश्मा यांचा बिकानेर परिसरातला, दोघांची कारकीर्द मात्र पाकिस्तानात घडली. वाळवंटी संगीतावर बोलताना ही नावे टाळणे अशक्य.

पहलगाम हल्ल्यानंतर आणि 'ऑपरेशन सिंदूर'च्या पार्श्वभूमीवर ८ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने डिजिटल मंचांना पाकिस्तानी मूळ असलेला मजकूर थांबवण्याची सूचना दिली. तिच्यात वेब मालिका, चित्रपट आणि गाणी यांच्यासोबत पॉडकास्टचाही नामोल्लेख होता. त्याच रात्री जैसलमेर-बाडमेरमध्ये दिवे मालवलेले होते, त्यामुळे सुरक्षेचा युक्तिवाद सहज धुडकावण्यासारखा नाही. तथापि, एखाद्या गाण्याचे 'मूळ' कोणत्या देशातले, हे थरमध्ये कसे ठरवणार? मांगणियार जे सिंधी कलाम गातात ते उमरकोटलाही गायले जाते. मुद्रण कोणत्या कंपनीचे, एवढ्यावरून निवाडा करायचा तर पुन्हा तेच होते: गाणे बाजूला राहते आणि शिक्का महत्त्वाचा ठरतो.

प्रवासी पॉडकास्टकर्त्यांसाठी सीमेची दुसरी बाजू अधिक व्यावहारिक आहे. सीमेलगतच्या पट्ट्यात बाहेरच्यांच्या वावरावर निर्बंध आहेत, परदेशी नागरिकांना तर परवाना लागतोच. उपग्रह-दूरध्वनी परवानगीशिवाय बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, मग मोबाइलला संपर्क मिळो वा न मिळो. केसाळ वेष्टनातला मायक्रोफोन उंच काठीवर धरून सीमेकडे रोखणाऱ्याची चौकशी झाली, तर त्यात नवल नाही.

वाट कोणती?

वाळवंटी संगीताच्या मोबदल्याचा प्रश्न फक्त थरचा नाही. मालीच्या उत्तरेत २०१२ मध्ये सशस्त्र धर्मांध गटांनी ताबा मिळवला, तेव्हा संगीतावरच बंदी आली आणि २००१ पासून भरणारा वाळवंटातील महोत्सव बंद पडला. सहारातील तरुण तोवर मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून एकमेकांना गाणी देत होते. अशी गाणी जमवून ख्रिस्तोफर कर्कली या अमेरिकन संग्राहकाने संकलन काढले. फाइलवर ना धड नाव, ना पत्ता. तरीही गायकांना शोधून काढून त्यांच्याशी व्यवहार करण्याचा खटाटोप त्याने केला. ज्याला फुकटात घेणे शक्य होते त्याने शोधण्याचे कष्ट घेतले, हे इथे नोंदवण्यासारखे.

आपल्याकडेही घालून दिलेले पायंडे आहेत. भारतीय संगीताच्या ध्वनिसंग्रहासाठी १९८२ मध्ये 'आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' हे केंद्र सुरू झाले, त्याची सुरुवात पुण्यात झाली आणि आज ते गुरुग्राममध्ये आहे. या केंद्राने लंगा-मांगणियारांच्या मुद्रणांबाबत समाजालाच भागीदार करून घेण्याचे प्रयोग केले. महाराष्ट्रातील उदाहरण त्याहून बोलके आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइतवां यांनी मुळशी आणि अन्यत्रच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हा प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव दिले गेले, ध्वनिमुद्रण उपलब्ध होते तिथे तिचा आवाज आणि अर्थही. ओवी पारंपरिकच, कोणाच्या मालकीची नाही. तरी गाणारी निनावी राहिली नाही.

सरकारकडून अपेक्षा किती ठेवावी, हा वेगळा मुद्दा. हळदीवरील अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेण्याच्या लढ्याचे नेतृत्व डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी केले आणि त्यातून पारंपरिक ज्ञानाची डिजिटल सूची उभी राहिली. तिच्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग आहेत, गाणी नाहीत. मे २०२४ मध्ये जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने जैविक संपत्ती आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानाविषयी करार संमत केला. लोककलांचा विषय त्याही वेळी बाजूलाच ठेवण्यात आला, त्यावरची बोलणी याच संघटनेच्या समितीत गेली दोन दशके चालू आहेत. देशाबाहेरच्या आणि देशातल्या कायद्याची वाट पाहायची तर आज खडताल वाजवणारा मुलगा म्हातारा होईल.

करार-मदाराचा आग्रह धरला तर साध्या माणसांमधला जिव्हाळा जाईल, अशी तक्रार पॉडकास्टकर्त्यांमधून ऐकू येते. तिच्यात थोडे तथ्यही आहे. पाहुण्यासमोर कागद पुढे करणे गावात उर्मटपणाचे वाटू शकते, आणि पैसे एकाच्या हाती दिले तर ते मंडळीत कसे वाटले जातात, याचा भरवसा नसतो. संपूर्ण समाजाच्या वतीने सही कोणी करायची, हाही पेच खराच. परंतु संमती ध्वनिमुद्रित करूनही घेता येते, गायकाच्या भाषेत, मुद्रणाच्या सुरुवातीलाच: हे कुठे वाजणार, जाहिराती येणार का, नंतर नको वाटले तर कोणाला कळवायचे. कायद्याच्या काटेकोर कसोटीला ती किती उतरेल, याबद्दल वकिलांत मतभेद होतील, पण काहीच न विचारण्यापेक्षा ती नक्कीच बरी. मुद्रणाची एक प्रत गायकाच्या मोबाइलवर लगेच देता येते. मानधन किती, याचा मुंबईतला मापदंड हाताशी आहेच. स्टुडिओत तासाभरासाठी बोलावलेल्या वादकाला जे द्यावे लागते, त्याहून कमी रक्कम कमायचावादकाला का द्यावी, याचे उत्तर कोणी देत नाही.

राहिला नावाचा प्रश्न. पॉडकास्ट ज्या तंत्रावर चालतो ते 'आरएसएस' (नागपूरशी त्याचा संबंध नाही) डेव्ह वायनर यांनी २००० साली ध्वनिफाइली वाहून नेण्याजोगे केले, तेव्हापासून त्यात प्रत्येक भागासोबत वर्णन लिहिण्याची सोय आहे. आज तिथे काही हजार अक्षरे मावतात. गायकाचे नाव, वादकांची नावे, गाव, गाण्याची भाषा आणि संपर्काचा क्रमांक, एवढे लिहायला पाच-सहा ओळी पुरतात आणि एक रुपयाही लागत नाही. गावातल्या मंडळींना पुढच्या कार्यक्रमाचे बोलावणे कित्येकदा अशा ओळींवरूनच येते. वाळवंटावरच्या अनेक भागांत त्या ओळींच्या जागी मायक्रोफोनची जात, गाडीचे मॉडेल आणि प्रायोजकाच्या सवलतीचा कोड असतो, आणि गायकांचा उल्लेख 'स्थानिक कलाकार' असा.